सीरम, सनस्क्रीन, कांद्याचं तेल : घेण्याआधी बाटली कशी वाचावी

हल्ली काउंटरवर कंपनीचं नाव फारसं कुणी घेत नाही. "ताई, नायसिनामाइड आहे का? दहा टक्केवालं?" असं थेट विचारतात. (नायसिनामाइड म्हणजे चेहरा उजळवण्यासाठी लावतात तो बी-३ जीवनसत्त्वाचा प्रकार.) कराडला माझं मेडिकल आहे. एका बाजूला औषधं, दुसऱ्या बाजूला साबण-शॅम्पू-क्रीम, आणि गेल्या चार-पाच वर्षांत ही दुसरी बाजू पार बदलून गेली. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, "टीव्हीवर लागतं ना, ते द्या." आता इंजिनिअरिंगची मुलं मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुढे करतात आणि त्यात सॅलिसिलिक, हायल्युरॉनिक, सेरामाइड असली नावं असतात. बाजाराला आलेल्या वहिनीसुद्धा "लेकीनं लिहून दिलंय" म्हणत चिठ्ठी काढतात. मोठ्या कंपन्यांनीही ही हवा ओळखली आहे. टक्के ठळक छापून विकणारी मिनिमलिस्ट ही कंपनी २०२० साली निघाली आणि जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरनं तिचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. मूल्य लावलं जवळपास तीन हजार कोटी.

घटकाचं नाव घेऊन वस्तू मागणं हे नटीचा चेहरा बघून घेण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पण माणसं नुसतं नाव पाठ करून येतात. तो घटक बाटलीत किती आहे, लावायचा किती आणि किती दिवस, हे विचारणारा क्वचित भेटतो. काउंटरवर गर्दीत मला ते सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

आधी बाटली उलटी करा

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर सगळे घटक छापावे लागतात आणि त्याला क्रम असतो. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र त्यांच्यानंतर कसेही, कोणत्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. खरी मेख इथेच आहे. ती एक टक्क्याची रेघ पाकिटावर कुणी मारून देत नाही, ती आपण शोधायची.

शोधायची खूण सांगते. सीरम, क्रीम, फेसवॉश यांच्या यादीत 'फिनॉक्सीएथनॉल' बघा. हे वस्तू खराब होऊ नये म्हणून घालतात आणि ते जास्तीत जास्त एक टक्काच घालता येतं. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे आलं ते बहुधा एक टक्क्याच्या आतलं. पुढे मोठं केशराचं फूल छापलंय आणि मागे केशराचा अर्क फिनॉक्सीएथनॉलच्याही खाली बसलाय, असं दिसलं तर आपण केशराच्या चित्राचे पैसे देतोय. अर्थात सुरकुत्यांवर लावायच्या रेटिनॉलसारखे काही घटक मुळातच अर्धा टक्का, पाव टक्का असे लागतात. त्यांना हा नियम लावू नका.

तेलात पाणी नसतं, त्यामुळे ही खूण तिथे सापडत नाही. तिथे 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा शब्द बघायचा आणि त्याच्यानंतर जे आलं ते थोडंच आहे असं समजायचं. माझ्याकडच्या एका कांद्याच्या तेलाची बाटली समोर घेऊन बसले आहे. पुढे लालबुंद कांदा, दोन भाग केलेला, रस गळतोय. मागे पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल. दुसरं सूर्यफूल. मग एरंडेल, बदाम, सुवास, ई जीवनसत्त्व आणि सगळ्यात शेवटी 'अलियम सीपा बल्ब एक्स्ट्रॅक्ट'. तो आपला कांदा! तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही, केसाला मऊपणा येईल. पण केस उगवण्यासाठी म्हणून त्याला चारशे रुपये द्यायचे का, हे ही यादी वाचून ठरवा. कांद्याच्या रसाचा एक जुना छोटा अभ्यास आहे खरा, पण तो चाई पडलेल्यांवर झाला होता आणि त्यात सुवासिक तेल लावलं नव्हतं, ताजा रस लावला होता.

रोजमेरीचं जरा बरं आहे. २०१५ मध्ये एक चाचणी झाली, शंभर जणांवर. निम्म्यांना रोजमेरीचं तेल दिलं आणि निम्म्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केसगळतीवर लावायचं औषध. तीन महिन्यांनी कुठल्याच गटात म्हणण्यासारखा फरक नव्हता, सहा महिन्यांनी दोन्हींत थोडा दिसला. यातलं लक्षात ठेवायचं ते 'सहा महिने'. पंधरा दिवसांत बाळकेस दाखवणारा व्हिडिओ दिसला की पुढे सरका.

टक्के जास्त म्हणजे गुण जास्त, असं नाही

नायसिनामाइडच्या बहुतेक चांगल्या चाचण्या दोन ते पाच टक्क्यांवर झालेल्या आहेत. दहा टक्क्यांनी दुप्पट उजळत नाही, काही जणांना चेहरा लाल होऊन चुणचुणतं मात्र. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी पाच टक्केवालंच देते. ते स्वस्तही पडतं.

नवीन वस्तू सुरू करायची रीत अशी. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा लावा, आठवडा-दहा दिवस. खाज, पुरळ, लाली काही नाही आलं तर चेहऱ्यावर घ्या. एका वेळी एकच नवीन वस्तू. मुलं काय करतात, सेलमध्ये चार बाटल्या एकदम मागवतात, चारही एका रात्री लावतात आणि सकाळी सुजलेला चेहरा घेऊन दारात उभी. कशानं झालं? आता ते देवालाच ठाऊक! एक वस्तू चेहऱ्यावर महिनाभर चालवा, मग दुसरी आणा.

सॅलिसिलिक ॲसिड तेलकट कातडीला, ब्लॅकहेड्सना चांगलं. सीरम-फेसवॉशमध्ये ते दोन टक्क्यांपर्यंत असतं, तेवढं पुरे. कातडीचा वरचा मेलेला थर काढणारं लाल रंगाचं पीलिंग द्रावण म्हणून जे मिळतं, ते दहा मिनिटं लावून धुवायचं असतं. रात्रभर ठेवून झोपणारी मंडळी माझ्या पाहण्यात आहेत. सी जीवनसत्त्वाचं सीरम पिवळट असतं ते ठीक, पण गडद तपकिरी झालं की त्यातलं बळ गेलं. खिडकीत ठेवू नका, आणि दोन महिन्यांत संपेल एवढीच बाटली घ्या.

रेटिनॉल गरोदरपणात नको, बाळाचा विचार चालू असेल तरीही नको. हे मी न विचारता सांगते, कारण नवीन लग्न झालेल्या मुली हेच घ्यायला येतात. हे घेतल्यावर दिवसा सनस्क्रीन टाळता येत नाही, तेवढी तयारी असेल तरच घ्या.

आणि सहावी-सातवीतल्या मुली. आईचा हात धरून येतात आणि रेटिनॉल मागतात, सुरकुत्यांसाठीचं! मी देत नाही. त्या वयाला सौम्य फेसवॉश, हिवाळ्यात साधं मॉइश्चरायझर आणि उन्हात सनस्क्रीन, बस्स. आईला वाईट वाटतं कधी कधी, "अहो, तिच्या वर्गात सगळ्या लावतात." लावू देत.

सनस्क्रीन : ट्यूब लवकर संपायला हवी

या सगळ्या लाटेतली एकच वस्तू मी सगळ्यांना गळ्यात मारते, ती ही. आणि सगळ्यात चुकीची वापरली जाते तीही हीच.

एसपीएफ हा आकडा उन्हातल्या यूव्हीबी किरणांचा, ज्यांनी कातडी भाजते. १५ असेल तर साधारण ९३ टक्के किरण अडतात, ३० ला ९७ टक्के, ५० ला ९८ टक्के. म्हणजे ३० नंतर फारसं वाढत नाही. यूव्हीए किरणं काळवंडवतात, म्हातारपण लवकर आणतात आणि काचेतूनही आत येतात. त्यासाठी 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. ही पद्धत जपानची. तीन किंवा चार अधिक बघून घ्या. एसपीएफ ५० पण पीएचा उल्लेखच नाही, अशा ट्यूबपेक्षा एसपीएफ ३० पीए तीन अधिक केव्हाही बरी.

छापलेला आकडा खरा किती, यावरूनही भांडणं झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये सनस्क्रीनच्या जाहिरातींवरून हिंदुस्थान युनिलिव्हर आणि होनासा या दोन बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर आल्या. वादात मुद्दा होता तो माणसांच्या कातडीवर केलेल्या चाचणीचा. गिऱ्हाइकानं त्यातून एवढंच घ्यायचं : पाकिटावर किंवा कंपनीच्या साइटवर 'इन-व्हिवो' चाचणी केल्याचं लिहिलंय का ते बघायचं. त्याचा अर्थ प्रत्यक्ष माणसांवर केलेली.

आता लावायचं किती? चाचणी करताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. घरच्या भाषेत, तर्जनी आणि मधलं बोट यांवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि गळा मिळून. वजनात ग्रॅमभर. याचा हिशेब करा. पन्नास ग्रॅमची ट्यूब रोज सकाळी एकदा लावली तरी पन्नास दिवसांत संपली पाहिजे, दुपारी पुन्हा लावलीत तर महिन्याच्या आत. माझ्याकडे येऊन लोक सांगतात, "छान आहे हो, वर्ष झालं पुरतंय." पुरतंय म्हणजे लावलंच जात नाही! वाटाण्याएवढं लावून एसपीएफ ५० मिळत नाही, त्याच्या पाव भागही मिळत नाही.

म्हणून सनस्क्रीन घेताना परवडेल अशीच घ्या. सहाशेची ट्यूब कंजूषपणे लावण्यापेक्षा अडीचशेची भरपूर लावलेली चांगली. पांढरा थर दिसतो म्हणून नको वाटत असेल तर जेल किंवा पातळ द्रावण बघा. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडवाल्या पांढरट दिसतात, पण नाजूक कातडीला त्याच सोसतात.

वांग असणाऱ्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. वांग नुसत्या यूव्हीनं वाढत नाही, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतो. साधी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. रंग मिसळलेली, म्हणजे टिंटेड घ्या आणि यादीत 'आयर्न ऑक्साइड' आहे का ते बघा. शेतात उसात काम करणाऱ्यांना मी आधी स्टोल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सांगते, सनस्क्रीन त्याच्या वर. घामात दर दोन तासांनी कोण ट्यूब काढत बसणार?

शॅम्पू, खोबरेल आणि वडी

'सल्फेट-फ्री' आता सगळ्यांना हवा. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे शॅम्पूतला फेस करणारा घटक, केस कोरडे करतं हे खरं. पण ते काढून त्या जागी काय घातलं, ते बघा. 'सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट' दिसलं तर तेही तितकंच खरखरीत धुतं, फक्त नावात सल्फेट नाही. खरंच सौम्य हवा असेल तर 'कोकॉइल' किंवा 'ग्लुकोसाइड' अशी नावं यादीत वरच्या बाजूला हवीत. आणि रोज डोक्याला तेल चोपडणाऱ्या माणसाला सौम्य शॅम्पू परवडत नाही, तेल निघतच नाही. त्यानं साधाच घ्यावा.

हॉस्टेलची मुलं-मुली दरवर्षी जूननंतर एकच तक्रार आणतात : इथे आल्यापासून केस गळायला लागले. बोअरचं पाणी जड असतं, त्यानं केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. मुळापासून गळणं वेगळं. गळलेला केस उचलून बघा : टोकाला पांढरा ठिपका असेल तर मुळातून आलाय, नसेल तर तुटलाय. तुटत असतील तर कंडिशनर घ्या, शॅम्पू बदलत बसू नका. मुळातून जात असतील तर आधी हिमोग्लोबिन तपासा, थायरॉइड तपासा. मेसचं जेवण आणि परीक्षेचं जागरण यांवर सीरम नाही.

खोबरेलाला मात्र आधार आहे. मॅरिकोच्या प्रयोगशाळेतला २००३ चा अभ्यास आहे : धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी जातं, खनिज तेलानं आणि सूर्यफुलाच्या तेलानं तसं होत नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनंच केलेला अभ्यास आहे, हे ध्यानात ठेवून वाचा, पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. बरं, याच कंपनीच्या पॅराशूटच्या निळ्या बाटलीवर 'केसांचं तेल' असं कुठेच का लिहिलेलं नसतं आणि हिरवा ठिपका का असतो, माहीत आहे? कर खाद्यतेलाचा लावायचा की केशतेलाचा, यावरून वर्षानुवर्षं खटला चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केशतेल म्हणून विकलं जात नसेल तर छोट्या बाटलीतलं खोबरेलही खाद्यतेलच.

वडीच्या साबणावर टीएफएम, म्हणजे स्निग्ध द्रव्याचं प्रमाण, बघा. टॉयलेट सोप असं लिहिलं असेल तर ७६ टक्क्यांना पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर ४० टक्क्यांवरही चालतं. थंडीत अंग उलत असेल तर कोरफड-बदामाच्या चित्रापेक्षा हा आकडा कामाचा.

गोरं करणारी डबी

फेअर अँड लव्हलीतलं 'फेअर' २०२० मध्ये गेलं आणि 'ग्लो' आलं. शब्द बदलला, मागणी गेली नाही. ती आता बिननावाच्या डब्यांकडे, पार्लरमधून हातोहात मिळणाऱ्या क्रीमकडे वळली आहे, आणि याबाबतीत मी हसण्यावारी काही नेत नाही.

आठ दिवसांत उजळवणाऱ्या अशा डब्यांत दोन गोष्टी सापडतात. एक पारा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले, त्यातले बरेच जण गोरं करणारं क्रीम लावत होते. आपल्या अकोल्यातल्या मायलेकींची अशीच बातमी २०२३ मध्ये आली. पाय सुजणं, लघवीला फेस येणं ही लक्षणं. क्रीम लावणाऱ्या कुणाला ती दिसली तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. आपल्या नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटक नाहीत, किंवा यादीत 'मर्क्युरस', 'कॅलोमेल' अशी पाऱ्याचीच नावं आहेत, अशी डबी फुकट मिळाली तरी लावू नका.

दुसरं स्टेरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही औषधं आहेत आणि २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पंधरा दिवस चेहरा खरंच तुकतुकीत होतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लव वाढते, आणि मलम थांबवलं की सगळं उसळून येतं. "शेजारणीला दिलंत, मला का नाही" म्हणून भांडून जातात. शेजारणीकडे चिठ्ठी होती.

पुढच्या बाजूचे शब्द

'क्रुएल्टी-फ्री'ला जास्त पैसे देऊ नका. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी २०१४ पासूनच बंद आहे, तशा आयात मालालाही त्याच वर्षी बंदी आली. 'डर्मॅटोलॉजिस्ट टेस्टेड' म्हणजे तपासलं एवढंच, निकाल काय लागला ते त्यात नाही. 'हर्बल'ला काही माप नाही. जडीबुटी मनापासून हवीच असेल तर आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावरचं घ्या. विकोची ट्यूब उलटून बघा, तिथे कोणतं द्रव्य किती ते लिहिलेलं असतं. प्रसाधनाच्या परवान्यावर तेवढं सांगावं लागत नाही.

रील करणाऱ्यांना पैसे किंवा फुकट माल मिळाला असेल तर तसं ठळक सांगावं लागतं, २०२३ पासून केंद्राच्या सूचना आहेत. 'ॲड' किंवा 'पेड' शोधा. हॅशटॅगांच्या ढिगात शेवटी लपवलेलं असतं.

पैशाचं

पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात एका मिलिलिटरचा किंवा ग्रॅमचा भाव असतो. दोन वस्तू त्याच भावानं ताडून बघा. छोटी बाटली मिलिलिटरमागे महाग पडते, तरी नवीन सीरम पहिल्यांदा छोटंच घ्या, आवडलं नाही तर कमी वाया जातं. शॅम्पूच्या पुड्या मात्र बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. खोटं वाटत असेल तर हिशेब करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल, शॅम्पू, टूथपेस्ट, टाल्कम पावडर, शेव्हिंग क्रीम आणि वडीचा साबण यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन १८ वरच राहिलं. पातळ बॉडीवॉशही. वडीनं आंघोळ करणाऱ्याचा फायदा.

दिवाळीच्या कॉम्बो पॅकमध्ये प्रत्येक वस्तूची तारीख वेगळी बघा. चारपैकी एखादीची मुदत दोन महिन्यांवर आलेली असते. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '६ एम' किंवा '१२ एम' असेल तर ते उघडल्यापासूनचे महिने. उघडलीत त्या दिवशी बुडाला पेनानं तारीख लिहा.

ऑनलाइन मागवलंत तर विक्रेत्याचं नाव बघा, सील बघा, आणि खोकं फेकू नका. ड्रॉपरच्या लहान बाटल्यांवर पुष्कळदा सगळं मावत नाही, बॅच नंबर खोक्यावरच असतो. अंगावर काही उठलं तर लावणं थांबवा, चेहऱ्याचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा, बिल ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला लावा. माल बनावट वाटला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज द्या. साध्या कागदावर, मराठीत चालतो.